कुणावर चालू आहे?

भारतीताई आता ऑफिसात रोज येत नाहीत, पण त्यांचा प्रश्न रोज येतो. परवाच नव्याने लागलेल्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं, "साइट चालू आहे," आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कुणावर?" तो बिचारा गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. जगात सगळीकडे 'चालू आहे' हे पूर्ण उत्तर असतं. फक्त आमच्याकडे ते अर्धं धरतात.

आमचा धंदा लोकांच्या वेबसाइट चालू ठेवण्याचा. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनतात, शेजारी टिकल्या. मधे आम्ही बसून शाळा, पतपेढ्या, लग्नाचे हॉल, दवाखाने यांच्या साइट सांभाळतो. प्रत्येक साइट दोन सर्व्हरवर ठेवलेली असते, पहिला नवी मुंबईला, दुसरा पुण्याला. पहिला कोलमडला की येणारी माणसं आपोआप दुसऱ्याकडे वळतात आणि बघणाऱ्याला काहीही कळत नाही. ग्राहकाला सांगताना हे आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. ताईंना नेमकी याचीच धास्ती होती. "बघणाऱ्याला नाय कळलं तर चांगलंच आहे," त्या म्हणायच्या, "पण आपल्यालाही नाय कळलं तर? दुसऱ्यावर चालू आहे म्हणजे मागे आता कुणी उभं नाय. आणि तुम्ही इथे चहा पिताय."

म्हणून तो प्रश्न. "पहिल्यावर" असं उत्तर आलं की त्या "मग ठीक" म्हणून पुढे जायच्या. "दुसऱ्यावर" आलं की हातातलं सगळं टाकून खुर्ची ओढायच्या. आणि हा प्रश्न साइटपुरता राहिला असता तर आम्ही सुखी झालो असतो. माझी आई आजारी होती तेव्हा त्यांनी चौकशी केली. मी म्हटलं, "बरी आहे आता." तर लगेच, "कुणावर? तू इथे, बायको शाळेत. दुपारी आईला पाणी कोण देतं?" तुळिंजच्या आमच्या घरी एकदा जेवायला आल्या आणि माझ्या बायकोसमोर मला विचारलं, "काय सावंत, संसार कसा चाललाय?" मी "मजेत" म्हणालो. "कुणावर?" म्हणाल्या आणि स्वतःच गडगडून हसल्या. माझी बायको त्या दिवसापासून त्यांची भक्त आहे.

उंच, रुंद हाडाची बाई. पायात स्पोर्ट शूज, केसांत अंगणातला सोनचाफा आणि आवाज असा, की खालच्या बादलीवाल्याला वाटावं आपल्यालाच हाक मारतायत. वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. बोलणं आमच्यासारखंच, मुंबईचं. पण राग आला किंवा खूप आनंद झाला की गावची बोली वर यायची, 'पाणी'चं 'पानी' आणि 'कोण'चं 'कोन' व्हायचं. ते ऐकू आलं की आम्ही ओळखायचो, आता हसायचं तरी किंवा पळायचं तरी. नम्रता वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. "या वसाहतीत माझ्याइतकं हे काम कुणाला येत नाय" असं त्या ग्राहकालाही ऐकवायच्या. ते खरं असल्यामुळे आमची पंचाईत व्हायची. दुपारी स्वतःचा डबा उघडण्याआधी दुसऱ्यांचे डबे तपासायच्या, त्यातलं आवडलेलं उचलायच्या, आणि खूश असल्या की घरची सुकेळी वाटायच्या. ती मधासारखी गोड सुकवलेली केळी मिळावीत म्हणून माणसं कामं वेळेत करत, हे मालकांनासुद्धा माहीत होतं.

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट दोन असायची. फोन दोन, वेगवेगळ्या कंपन्यांचे. किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे आणि एक शेजारच्या टिकलीवाल्या शेठकडे. छत्र्या दोन, एक घरी, एक ऑफिसात. मी एकदा शहाणपणा करून दोन छत्र्या पिशवीत घालून आणल्या, तर माझी जी चंपी झाली ती अजून आठवते. "दोन कुठे? एकच आहे. पिशवी विसरलास की दोन्ही गेल्या. सावंत, दोन्ही एकाच घरात नाय ठेवायच्या!"

हा नियम त्यांनी स्वतः ठेच लागून शिकलेला होता. ऑफिसात इंटरनेटच्या दोन लाइनी होत्या, दोन कंपन्यांच्या, आणि त्यांचा आम्हाला गर्व होता. एका सकाळी रस्त्याकडेला गटाराचं काम निघालं, जेसीबीने एक घास घेतला आणि दोन्ही लाइनी एकदम गेल्या. कंपन्या वेगळ्या होत्या, पण दोन्हींच्या वायरी एकाच चरातून आल्या होत्या. आम्ही फोन लावून कंपन्यांना शिव्या घालत होतो. ताईंनी कुणालाच शिव्या घातल्या नाहीत. डोक्यावर ओढणी घेतली आणि भर उन्हात आमच्या गाळ्यापासून हमरस्त्यापर्यंत वायरीच्या मागोमाग चालत गेल्या, वर खांबाकडे आणि खाली चराकडे बघत. परत आल्या त्या तांबड्यालाल होऊन, आणि थेट टिकलीवाल्याच्या गाळ्यात शिरल्या. त्याच्या मागच्या भिंतीवरून दुसरी लाइन आत आणायची होती. तो काही केल्या ऐकेना. शेवटी ताईंनी त्याला विचारलं, "शेठ, तुमची मोठी ऑर्डर कशावर येते?" "मोबाइलवर." "आणि मोबाइल कुणावर चालतो?" पुढचं मला माहीत नाही, पण संध्याकाळी त्याच्या भिंतीला भोक पडलेलं होतं आणि आमच्या लाइनीतला एक फाटा त्याच्या टेबलापर्यंत गेला होता.

पण ताई खऱ्या ओळखाव्यात त्या बुधवारी. दर बुधवारी जेवणं आटोपली की त्या खुर्चीत सरसावून बसायच्या, सगळ्यांवर एक नजर टाकायच्या आणि चांगला चालता पहिला सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करायच्या. मुद्दाम. भर दुपारी, ग्राहक जागे असताना. दुसरा भार उचलतोय की नाही हे बघायला. मी नवीन असताना हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. कारण साइट पडली की ग्राहकांचे फोन मला घ्यावे लागतात. मी म्हटलं, "ताई, हे निदान सगळे झोपल्यावर करा." त्या म्हणाल्या, "पडायचंच आहे तर सगळे हजर असताना, उजेडात पडू दे. उचलायला माणसं असतात."

हे खूळ कुठून आलं ते एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांच्या गावच्या भातशेतीला खाडीच्या बाजूने बांध आहे आणि बांधाला उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी अडवायचं दार. त्या दाराला दोन झडपा, एक खाडीकडे, एक आत. त्यांचे वडील उन्हाळ्यात, शेतं रिकामी असताना, ऐन भरतीला पुढची झडप मुद्दाम उचलायला लावत. गावातली माणसं कुरकुरत, म्हातारा उगाच खारं पाणी घरात बोलावतोय म्हणत. वडील मागच्या झडपेपाशी गुडघाभर चिखलात उभे राहून बघत, झिरपतंय का. "शेतात भात उभं असताना कळून काय करायचं होतं?" ताई म्हणाल्या. आता ती झडप त्यांचा धाकटा भाऊ गजानन बघायचा.

एका बुधवारी ताईंनी पहिला बंद केला आणि दुसरा उठलाच नाही. एका पॅथॉलॉजी लॅबच्या साइटवर पेशंट रिपोर्ट बघत होते, ते सगळे अडकले. लॅबच्या डॉक्टरीणबाई फोनवर मला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईंनी पहिला पुन्हा चालू केला, साइट आली, आणि मग ताई आणि त्यांच्या हाताखालची स्नेहल दुसऱ्याची नाडी तपासायला बसल्या. स्नेहल नालासोपाऱ्याची, हुशार, कामाला वाघीण, पण प्रत्येक गोष्ट करण्याआधी ताईंच्या तोंडाकडे बघणारी. दोष सापडला तो असा, की गेल्या आठवड्यात केलेल्या एका बदलानंतर दुसरा सर्व्हर उठण्याआधी किल्लीसाठी, म्हणजे पासवर्डसाठी, पहिल्याला विचारत होता. पहिला बंद. मग उत्तर कोण देणार? तो नुसता विचारत बसला होता.

ताईंना इतका आनंद झाला की गावची बोली बाहेर आली. "बघ, बघ! यो सोताच्या पायावर उबाच नव्हता! पहिल्याला इचारून उठत व्हता!" त्यांनी सगळ्यांना दोन-दोन सुकेळी वाटली. मालक केबिनमधून लालबुंद होऊन बाहेर आले, तर त्यांच्याही हातावर ठेवली. मालक म्हणाले, "ताई, बुधवार बंद. आपण स्वतःच साइट पाडतो हे ग्राहकाला काय सांगू?" ताई म्हणाल्या, "सांगा, की तुमचा दुसरा सर्व्हर आठवडाभर नुसता शोभेला होता, तो आज खरा झाला." मालक बडबडत आत गेले. बुधवार चालू राहिला. डॉक्टरीणबाईंना ताईंनी स्वतः जाऊन सगळं समजावलं, आणि येताना त्यांच्याकडून चहा पिऊन आल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी गजाननच्या किडन्या गेल्याचं कळलं. दोन्ही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. ताई अविवाहित, वडील गेलेले. भाऊ आणि भावजय हेच त्यांचं घर. एक दिवस त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "माझी किडनी जुळते. देणार आहे. दोनेक महिने मी नसेन." आणि लगेच, "तोपर्यंत हे सगळं कुणावर चालणार ते मला आधी बघायचंय. माझ्याशिवाय ऑफिस उभं राहिलं की मी तारीख घेते."

मग त्यांनी बुधवारी सर्व्हरऐवजी स्वतःलाच बंद करायला सुरुवात केली. दोन्ही फोन बंद, मुक्काम गावी. ऑफिस स्नेहलकडे. गुरुवारी येऊन विचारायच्या, "कसं झालं?" आम्ही म्हणायचो, "छान." आणि खरोखरच छान व्हायचं. ताई खूश. ऑपरेशनची तारीख घेतली. आणि दुसरीच एक गोष्ट त्या कौतुकाने सांगायला लागल्या, "आमच्या सुनंदाला माझ्या कामाची किती गोडी लागली आहे! बुधवारी वाल सोलताना विचारते, वन्सं, तुमच्या हाफिसात अमुक पडलं तर काय करता? मी सगळं समजावते. लगेच कळतं तिला." सुनंदावहिनी म्हणजे गजाननची बायको. आम्ही माना डोलावल्या. स्नेहल मात्र त्या वेळी कीबोर्डमध्ये डोकं घालून बसलेली असायची.

शेवटी एका बुधवारी पितळ उघडं पडलं. एका पतपेढीच्या साइटचं काहीतरी अडलं होतं. स्नेहल फोन स्पीकरवर टाकून टाइप करत होती आणि पलीकडून सुनंदावहिनी ताईंना विचारताना ऐकू येत होत्या, "वन्सं, सर्टिफिकेटची मुदत संपली म्हंजे काय वो करायचं?" उत्तर काही येईना. स्नेहल वैतागून म्हणाली, "वहिनी, काय म्हणाल्या त्या? लवकर सांगा ना!" तेवढ्यात पलीकडून वेगळाच आवाज आला. "स्नेहल, साइट चालू आहे?"

स्नेहल खुर्चीतून उठून उभी राहिली. "हो ताई."

"कुणावर?"

स्नेहलला रडू फुटलं. आम्ही सगळे टेबलं निरखत बसलो.

ताई तासाभरात रिक्षाने आल्या. आम्ही आरडाओरड्याची तयारी करून बसलो होतो, पण त्या ओरडल्या नाहीत. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी पतपेढीचं काम पुरं केलं, मग आमच्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला सांगितली. "इथलं अजून माझ्यावरच चालतंय," एवढंच म्हणाल्या. मालकांनी समजावलं, मी समजावलं. लोकांचे रिपोर्ट, लोकांचे पैसे या साइटवर आहेत, ते वाऱ्यावर सोडून मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपू शकत नाही, यावर त्या ठाम. हे चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. भावाच्या जिवापुढे पतपेढी कसली? पण ती बाई तशीच होती. हातात घेतलेलं काम तिला अर्धं सोडता यायचं नाही.

दोन दिवसांनी गजानन स्वतः ऑफिसात आला. ताई मालकांबरोबर ग्राहकाकडे गेल्या होत्या, हे बघूनच आला असावा. बहिणीसारखाच उंच, पण वाळलेला, चेहरा काळवंडलेला, दंडावर डायलिसिसची पट्टी. हातात केळ्यांचा घड. जिना चढून दम लागला म्हणून जरा वेळ नुसता बसून राहिला. मग त्याने स्नेहलला विचारलं, "पोरी, तुला काय येत नाय यातलं?"

"येतं सगळं," स्नेहल म्हणाली.

"मंग तिला इचारतेस कशाला?"

स्नेहल खाली बघून म्हणाली, "ताई आहेत असं वाटलं की बरं वाटतं."

गजानन हसला. "मला पन," म्हणाला. एवढंच. घड टेबलावर ठेवला, उठला आणि कठड्याला धरून जिना उतरून गेला.

मग स्नेहलने आपल्या फोनमधून सुनंदावहिनींचा नंबर काढून टाकला आणि सगळ्यांना काढायला लावला. पुढच्या बुधवारी ताई गावी असताना तिने पहिला सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद केला. दुसरा उठला, पण लॅबच्या साइटचे रिपोर्ट उघडेनात. डॉक्टरीणबाईंचा फोन माझ्या कानाशी होता. स्नेहलने एकदा सवयीने ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे वळली, आणि अडलेलं सोडवलं. रिपोर्ट उघडायला लागल्यावर तिने मला फोनवर सांगायची खूण केली. मी सांगितलं. ऑफिसात गजाननने दिलेली केळी वाटली गेली.

गुरुवारी ताईंनी सगळं खोदून खोदून विचारलं, मला बाजूला घेऊन खात्री केली आणि पुन्हा तारीख घेतली.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गॅलरीत चहा घेत उभे होतो. माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. मी विचारलंच, "ताई, जन्मभर आम्हाला दोन-दोन ठेवायला लावलंत. आता तुम्ही स्वतः एकीवर राहणार?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पुन्हा पिशवीत दोन छत्र्या घेऊन आलोय. "सावंत, दोन्ही एकाच घरात नाय ठेवायच्या, हे कितींदा सांगायचं तुला? देवाने ही एक चूक करून ठेवली होती. मी आता एक दुसऱ्या घरात हलवतेय." आणि अशा हसल्या की खालच्या बादलीवाल्याने वर बघितलं.

हसून झाल्यावर कपातला उरलेला चहा संपवला. "भीती वाटते रे," म्हणाल्या. "माझं काय, मी उठेन. पण त्याच्याकडे गेल्यावर ती चालूच नाय झाली तर? हे काय बुधवारी बंद करून बघता येत नाय." मी त्यांचा कप घेऊन आत गेलो.

ऑपरेशननंतर ताई पुन्हा ऑफिसात आल्या, मग सगळं काम स्नेहलवर सोपवलं, आता महिन्यातून एखादा बुधवार येतात, डबे तपासतात, स्नेहलशी भांडतात. सगळं गमतीचं आहे. पण मला ताई आठवतात त्या यातल्या नाहीत. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी मुंबईला हॉस्पिटलात गेलो होतो. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. चेहरा उतरलेला, नळ्या लावलेल्या, केसांत सोनचाफा नाही. एवढी मोठी बाई त्या खाटेवर लहान दिसत होती. ऑफिस व्यवस्थित आहे हे सांगायला मी आलो होतो, वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, पण त्यांनी काही विचारलं नाही. मी स्टूल ओढून बसलो.

तेवढ्यात गजाननच्या खोलीकडून सुनंदावहिनी जवळजवळ धावतच आल्या. पदराने तोंड पुसत होत्या, हसत होत्या की रडत होत्या कळेना. "वन्सं," त्या ताईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सुरू झाली वो! डाक्टर आताच सांगून गेले. चांगली चालू हाय!"

ताईंचे डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले.

"कोनावर?"

वहिनींना काही समजलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी पुढे झालो.

"तुमच्यावर, ताई," मी म्हटलं. "तुमच्यावर चालू आहे."

"मंग ठीक," ताई म्हणाल्या, आणि झोपल्या.